आधी थांबण्याची सोय : डॉ. होमी भाभा आणि ट्रॉम्बेचा सुरक्षेचा वारसा

घरात शॉर्टसर्किट झाले की फलकावरील एमसीबीचा खटका आपोआप खाली पडतो. कोणी धावत जाऊन तो पाडावा लागत नाही. किंबहुना माणूस धावेपर्यंत वायर पेटलेली असेल, हे गृहीत धरूनच त्या यंत्रणेची रचना केलेली असते. बिघाड झाल्यास यंत्राने स्वतःहून थांबावे आणि त्यासाठी बाहेरच्या मदतीची वाट पाहू नये, हे साधे तत्त्व विसाव्या शतकातील सर्व मोठ्या यंत्रांच्या सुरक्षेचा पाया ठरले. मुंबईत या तत्त्वाची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती मानखुर्दच्या पलीकडे, ट्रॉम्बेची टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात. १९५६ मध्ये तेथे भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ती उभी करणारे डॉ. होमी जहांगीर भाभा द्रष्टे शास्त्रज्ञ, कुशल संघटक आणि रसिक चित्रकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. मात्र महानगराच्या कुशीत अणुभट्ट्या उभारताना त्या थांबवायच्या कशा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले महत्त्व तुलनेने कमी चर्चिले गेले.

अभियांत्रिकीकडून भौतिकशास्त्राकडे

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत आणि संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेऊन १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले.

मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. केंब्रिजमध्ये मात्र भाभांचे मन सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. त्यांनी वडिलांना पत्रांतून आपली इच्छा स्पष्टपणे कळवली. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या अभ्यासासाठी आणखी काळ केंब्रिजमध्ये राहू देण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणितातही प्रथम श्रेणी मिळवली. मनाविरुद्ध घेतलेले अभियांत्रिकीचे शिक्षण पुढे वाया गेले नाही. समीकरणांइतकीच यंत्राच्या सांध्यांची जाण असलेले शास्त्रज्ञ त्या काळी भारतात मोजकेच होते.

यानंतरची सात वर्षे युरोपातील भौतिकशास्त्राच्या बहराची होती. शिष्यवृत्तीच्या आधारे भाभांनी झुरिचमध्ये वोल्फगांग पाउली आणि रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्या सहवासात काम केले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवरील विकिरणाचे त्यांनी केलेले गणित आजही भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. एका कणापासून अनेक कण, त्या प्रत्येकापासून आणखी अनेक, अशी वाढत जाणारी ती मालिका होती. क्षणार्धात पटीपटीने वाढणाऱ्या प्रक्रियेचे गणित त्यांच्या हातवळणी पडले होते.

परतीची वाट बंद झाली

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात ते रुजू झाले आणि तेथे त्यांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभारला. १९४१ मध्ये वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर परदेशात जाण्याचा विचार मागे पडला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्थेची मागणी केली. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडण्यापूर्वी सुमारे दीड वर्ष लिहिलेल्या या पत्रात अणुऊर्जेपासून वीज निर्माण करण्याची वेळ येईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा विचार होता. त्यातूनच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षाअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात तिचे काम सुरू झाले. याच बंगल्यात भाभांचा जन्म झाला होता, असे सांगितले जाते.

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. जानेवारी १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्था उभारण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा विभाग अस्तित्वात आला. मानखुर्द तेव्हा मुंबईच्या वेशीवरचे ठिकाण होते. १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचेपर्यंत ते हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक राहिले. त्याच्याही पलीकडचा ट्रॉम्बेचा पट्टा एका बाजूने टेकडीने तर दुसऱ्या बाजूने खाडीने वेढलेला होता. अणुभट्टीला लागणारे पाणी, वस्तीपासूनचे अंतर आणि विद्यापीठ व उद्योग यांची जवळीक या तिन्ही गोष्टी तेथे जुळून येत होत्या. मात्र मुंबई वाढते आहे आणि ती याच दिशेने येणार आहे, हे ओळखणे कठीण नव्हते.

खटक्याचे शास्त्र

भाभांनी ट्रॉम्बेमध्ये काय साधले, हे समजण्यासाठी आधी सर्किट ब्रेकरचे अंतरंग पाहणे उपयुक्त ठरते. घरगुती एमसीबीमध्ये दोन पहारेकरी असतात. पहिला म्हणजे दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. विजेचा भार मर्यादेपेक्षा थोडा अधिक झाला की ती हळूहळू तापते, वाकते आणि खटका सोडवते. दुसरी विद्युतचुंबकाची गुंडाळी. शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह अचानक अनेक पटींनी वाढला की ती क्षणार्धात खटका ओढते. सावकाश वाढणाऱ्या धोक्यासाठी एक आणि अचानक येणाऱ्या धोक्यासाठी दुसरी, अशी ही विभागणी आहे.

त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी सहसा नजरेआड राहतात. ब्रेकर चालू करताना खटका वर ढकलण्यासाठी जो जोर लावावा लागतो, त्याने आतील स्प्रिंग ताणली जाते. म्हणजे बंद होण्यासाठी लागणारी शक्ती चालू करतानाच साठवून ठेवलेली असते. संकटाच्या वेळी ती बाहेरून आणावी लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की कोणी हट्टाने खटका वर धरून ठेवला तरी आतील संपर्क सुटतातच. माणसाच्या चुकीला किंवा मोहाला यंत्र दाद देत नाही.

अणुभट्टीतही नेमकी हीच गरज असते. युरेनियमच्या एका अणूचे विभाजन झाले की न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते इतर अणूंचे विभाजन घडवतात. ही साखळी स्थिर वेगाने चालली तर उपयोगी ऊर्जा मिळते, हाताबाहेर गेली तर इंधन वितळू शकते. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कॅडमियम किंवा बोरॉनच्या दांड्यांनी ती रोखता येते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे फर्मी यांनी जगातील पहिली अणुभट्टी चालवली, तेव्हा असा एक दांडा दोरीने टांगलेला होता आणि प्रसंग आलाच तर दोरी तोडण्यासाठी एक शास्त्रज्ञ कुऱ्हाड घेऊन उभा होता. दांडा पडण्याची शक्ती गुरुत्वाकर्षणाची होती, पण ती मोकळी करण्यासाठी माणसाचा हात लागत होता. पुढील वर्षांत जगभरच्या अभियंत्यांनी हा हात दूर करण्यासाठी परिश्रम घेतले.

अप्सरा

मार्च १९५५ मध्ये ट्रॉम्बे येथे एक मेगावॉट क्षमतेची, जलतरण तलावासारखी अणुभट्टी बांधण्याचे ठरले. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनकडून मिळणार होते. उर्वरित अणुभट्टी, विशेषतः तिची नियंत्रण यंत्रणा, भारतातच तयार करण्याचा भाभांचा आग्रह होता. तयार अणुभट्टी विकत घेण्याचा मार्ग सोपा होता. पण ज्या यंत्राचा स्वभाव आपल्याला ठाऊक नाही, ते आपण विश्वासाने थांबवूही शकणार नाही, अशी व्यावहारिक बाजू या आग्रहाला होती.

हे काम डॉ. ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरण मोजण्यासाठी लागणारी उपकरणे हाताने जुळवणाऱ्या गटातून हा विभाग वाढला होता. अवकाशातून येणारे विरळ कण मोजण्याचे कसब आता अणुभट्टीतील न्यूट्रॉनची संख्या क्षणोक्षणी मोजण्यासाठी कामी आले. या प्रकारच्या अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषणारे दांडे विद्युतचुंबकांनी वर धरलेले असतात. मोजमाप मर्यादेबाहेर गेले, वाढीचा वेग धोकादायक झाला किंवा कळ दाबली गेली, की चुंबकाचा प्रवाह तुटतो आणि दांडे स्वतःच्या वजनाने गाभ्यात कोसळतात. वीजपुरवठाच खंडित झाला तरीही परिणाम तोच. यंत्रणा निकामी होणे म्हणजेच अणुभट्टी बंद होणे, अशी ही योजना होती. ब्रेकरमधील स्प्रिंगचे काम येथे वर उचललेल्या दांड्याचे वजन करते, आणि कुऱ्हाडधारी माणसाचे काम तुटलेला विद्युतप्रवाह.

जेमतेम सव्वा वर्षात काम पूर्ण झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली अणुभट्टी ठरली. पाण्याच्या तळाशी दिसणाऱ्या निळ्या तेजामुळे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तिला अप्सरा हे नाव दिले आणि २० जानेवारी १९५७ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन केले. त्याच वर्षी ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. दरवर्षी तरुण अभियंते आणि शास्त्रज्ञ निवडून त्यांना अणुविज्ञानाचे शिक्षण देण्याची ही व्यवस्था पुढे संपूर्ण कार्यक्रमाचा कणा बनली.

चॉक रिव्हरचा धडा

अप्सरा लहान होती. त्यानंतरची अणुभट्टी ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची होती आणि तिचा वंश चिंता वाटावी असा होता. १९५६ मध्ये कॅनडाशी झालेल्या करारानुसार तेथील चॉक रिव्हर येथील एनआरएक्स अणुभट्टीच्या नमुन्यावर ती बांधली जाणार होती. याच एनआरएक्समध्ये १२ डिसेंबर १९५२ रोजी जगातील पहिल्या गंभीर अणुभट्टी अपघातांपैकी एक घडला होता, आणि त्याचे मूळ थांबवणाऱ्या यंत्रणेतच होते.

त्या दिवशी कमी शक्तीवर चाचणी सुरू होती. तळघरातील एका कर्मचाऱ्याने चुकीच्या झडपा उघडल्या आणि काही दांडे वर उचलले गेले. पर्यवेक्षक खाली धावला आणि त्याने झडपा बंद केल्या. दांडे खाली आले, असा त्याचा समज झाला. प्रत्यक्षात ते पूर्णपणे उतरलेच नव्हते. त्यानंतर दूरध्वनीवरून नियंत्रण कक्षाला कळा दाबण्याची सूचना देताना क्रमांक चुकला. सुधारणा सांगण्यापूर्वीच कळ दाबण्यासाठी पलीकडच्या सहकाऱ्याने फोन बाजूला ठेवला होता. आणखी दांडे वर गेले. शक्ती झपाट्याने वाढू लागताच थांबवण्याची कळ दाबण्यात आली, पण दांडे अपेक्षेप्रमाणे पडले नाहीत. अखेर अणुभट्टीतील जड पाणी सोडून देऊन प्रक्रिया थांबवावी लागली. गाभ्याचे नुकसान झाले, तळघरात हजारो टन किरणोत्सारी पाणी साचले आणि अणुभट्टी पुन्हा सुरू होण्यास सुमारे चौदा महिने लागले.

या अपघाताने अणुअभियांत्रिकीला कायमचा धडा दिला. रोजच्या नियंत्रणासाठीची यंत्रणा आणि संकटात थांबवणारी यंत्रणा एकमेकींवर अवलंबून असता कामा नये. दांडा खाली आला असे दर्शवणारा दिवा आणि प्रत्यक्ष खाली आलेला दांडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवण्याचा एक मार्ग अडला तर दुसरा, निराळ्या तत्त्वावर चालणारा मार्ग असलाच पाहिजे. वीज केंद्रातही ब्रेकर अडकला तर त्याच्या मागचा ब्रेकर उघडण्याची सोय ठेवतात, त्याचे कारण हेच आहे.

एनआरएक्सच्या अनुभवानंतर, सुधारणांसह बांधलेली ट्रॉम्बेची अणुभट्टी १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाली. अमेरिकेने जड पाणी पुरवल्यामुळे कॅनडा, भारत आणि अमेरिका या तिन्ही देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव सायरस पडले. तिच्या पहिल्या इंधनाचा काही भाग ट्रॉम्बेमध्येच तयार झाला होता. पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीसाठीचे प्लुटोनियम याच अणुभट्टीतून आले आणि त्यावरून कॅनडाशी संबंध तुटले, हा इतिहास भाभांच्या निधनानंतरचा.

१९६० चा आदेश

सायरस सुरू होण्यापूर्वी काही महिने, फेब्रुवारी १९६० मध्ये, भाभांनी ट्रॉम्बेतील कर्मचाऱ्यांसाठी एक छोटे कार्यालयीन परिपत्रक काढले. किरणोत्सारी पदार्थांच्या हाताळणीत संस्थेतील कामगारांना किंवा बाहेरच्या कोणालाही इजा पोहोचता कामा नये, असे त्यात बजावले होते. शिवाय ही हाताळणी इतकी आदर्श असावी, की देशातील इतर संस्थांना तिचे अनुकरण करण्यास सांगता यावे, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. पुढे देशातील अणुसुरक्षेच्या धोरणाचे मूळ म्हणून याच परिपत्रकाचा दाखला देण्यात येऊ लागला. किरणोत्सारावर लक्ष ठेवण्यासाठी डॉ. ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग काम करीत होता. १९६२ मध्ये अणुभट्ट्यांच्या सुरक्षेचा आढावा घेणारी पहिली समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. राव यांच्याकडे सोपवण्यात आले.

या व्यवस्थेतील उणीव नजरेआड करता येणार नाही. अणुभट्टी बांधणारे, चालवणारे आणि तपासणारे एकाच घरातील होते. आयोगाचे अध्यक्ष, विभागाचे सचिव आणि ट्रॉम्बे संस्थेचे संचालक ही तिन्ही पदे स्वतः भाभांकडे होती आणि नेहरूंशी त्यांचा थेट संवाद होता. त्यामुळे निर्णय वेगाने झाले, पण प्रश्न विचारणारा बाहेरचा पहारेकरी राहिला नाही. नियंत्रण आणि सुरक्षा यांची यंत्रणा वेगळी असावी, हा चॉक रिव्हरचा धडा यंत्रात उतरला. प्रशासनात तो उतरण्यास बराच काळ लागला. स्वतंत्र अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले ते नोव्हेंबर १९८३ मध्ये, आणि तेही अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होते. ही त्रुटी पुढील काळात वारंवार चर्चेत आली.

माँ ब्लांवरील पहाट

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील परिषदेचे अध्यक्षपद भाभांनी भूषवले होते. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे करारही त्यांच्याच कारकिर्दीत झाले. देशातील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. हे काम ऐन भरात असताना २४ जानेवारी १९६६ रोजी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असता, एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लां शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते.

या अपघाताभोवती घातपाताच्या अनेक कथा रचल्या गेल्या. अधिकृत चौकशीत मात्र निराळेच चित्र पुढे आले. विमानातील दिशादर्शनाचे एक उपकरण नादुरुस्त होते. विमानाचे नेमके स्थान जिनिव्हाच्या नियंत्रकाने वैमानिकाला कळवले, पण त्या संदेशाचा अर्थ चुकीचा घेतला गेला. शिखर मागे पडले, अशा समजुतीने वैमानिकाने विमान खाली आणण्यास सुरुवात केली. दूरध्वनीवरील चुकलेल्या क्रमांकाने चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली होती. येथेही एक बिघडलेले उपकरण आणि एक संदिग्ध संदेश एकत्र आले, आणि त्यांच्यामागे तिसरा अडसर नव्हता.

एका व्यक्तीभोवती उभा राहिलेला कार्यक्रम तिच्याबरोबर कोसळेल, अशी भीती त्या काळात व्यक्त झाली. तसे झाले नाही. प्रशिक्षण विद्यालयातून बाहेर पडलेल्या तुकड्या कामावर होत्या. डॉ. विक्रम साराभाई यांनी आयोगाची सूत्रे स्वीकारली. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी तेथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या कामातून हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि तिचे नेतृत्व डॉ. राव यांनी केले. १९६९ मध्ये तारापूर केंद्राची वीज मिळू लागली.

मानखुर्दच्या शेजारी

सहा दशकांत ट्रॉम्बेचा परिसर ओळखू न येण्याइतका बदलला. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेले अणुशक्तीनगर मानखुर्दला खेटून उभे राहिले. मानखुर्द, गोवंडी आणि चेंबूरच्या वस्त्या दाट होत गेल्या. भाभांनी जागा निवडली तेव्हाचे अंतर नकाशावर तेवढेच राहिले, पण त्यामधील मोकळी जमीन उरली नाही. अप्सरा २००९ मध्ये बंद करण्यात आली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्याच जागी दोन मेगावॉटची नवी अप्सरा कार्यान्वित झाली. सायरसने ३१ डिसेंबर २०१० रोजी अखेरचा निरोप घेतला. अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय असलेले नियामक भवनही अणुशक्तीनगरमध्येच आहे.

भाभांचे स्मरण सहसा देशाला अणुयुगात नेणारे म्हणून होते आणि ते योग्यच आहे. परंतु लाखो माणसे वस्तीला असलेल्या शहराच्या कडेला अणुभट्टी चालवण्याचे धाडस ज्या आधारावर झाले, तो आधार वेगाचा नव्हता. यंत्र सुरू करण्याआधी ते थांबवण्याची सोय पक्की करणे आणि ती माणसाच्या प्रसंगावधानावर न सोडणे, ही शिस्त त्यामागे होती. वस्ती जसजशी जवळ सरकते, तसतशी या शिस्तीची किंमत वाढत जाते. ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे चुंबकाने वर धरलेल्या प्रत्येक दांड्यावर मानखुर्दची शांत झोप आजही विसंबून आहे.